एका गाईचं दूध

ती वही अजून माझ्याकडे आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर 'दूध' एवढंच लिहिलेलं. आमच्या घरात वह्यांचं नवल कुणाला नव्हतं. किराण्याची वेगळी, औषधांची वेगळी, शेजारी कुणाकडे आपलं कोणतं भांडं गेलंय त्याची वेगळी. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कामाला होते. आलेला माल उघडायचा, नमुना बघायचा, रजिस्टरात रंग, वजन आणि शेरा लिहायचा, मगच आत घ्यायचा. दिवसाचे आठ तास हेच केल्यावर घरी येऊन माणूस वेगळं काय करणार?

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही नेरूळला नवीन राहायला आलो होतो. बिल्डिंगींना रंग लागला होता, रस्त्यांना दिवे लागायचे होते. मागच्या गॅलरीतून शिरवणे गाव दिसायचं, कौलं, माडाची दोन झाडं आणि गावापर्यंतचं गवत. घरात मी, माझे यजमान आणि कोकणातून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. मग मुलगी झाली.

ती तीन महिन्यांची झाली, माझी रजा संपली आणि नेमकं तेव्हाच अंगावरचं दूध पुरेनासं झालं. डब्याची पावडर दिली, ती ओकली. तबेल्यातलं म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, तर पोट फुगून नगाऱ्यासारखं व्हायचं. सरकारी दूध केंद्रावरचं दिलं, तर जुलाब. दवाखान्याच्या काट्यावर तिचं वजन दोन आठवडे जागचं हललं नाही. डॉक्टर जुन्या वळणाचे होते. ते म्हणाले, "एकाच गाईचं दूध द्या. चार गाईंचं एकत्र केलेलं नको. आणि एकदा मानवलं की बदलू नका."

सासूबाईंनी मान डोलावली. "आमच्याकडे हेच करतात गो. ज्या गाईचं दूध पोर पितं ती त्याची दूधआई."

आता नेरूळच्या त्या नव्या वसाहतीत एक गाय शोधायची कुठे? गाय सासूबाईंनीच शोधली. बिल्डिंगच्या फाटकाशी शिरवण्याची एक बाई भाजी घेऊन बसायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. काळी, सडपातळ, कपाळावर भलं मोठं कुंकू, बोलायला तिखट. तिची गाय नुकतीच व्यायली होती. एके सकाळी ती पितळी तांब्यात चीक घेऊन दारात उभी राहिली. खरवसाला द्यायचा चीक कधी विकत नाहीत, तो घरोघर वाटायचा असतो, एवढं मला माहीत होतं. पुढचं तिने सांगितलं.

"बाय, भांडा धुवाचा नाय. रिता पन द्यावाचा नाय. धुतला तर गाय आटते."

मी तांब्या न धुता, त्यात मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा घालून परत केला. भांड्यांच्या वहीत तशी नोंदही केली.

चीक संपून निवळ दूध सुरू झालं, तेव्हा मावशी गाईलाच घेऊन फाटकाशी आली. तांबडी, लहान चणीची, पाठीवर नीट उठलेलं वशिंड, मागे तसंच तांबडं वासरू. गावठी, थोडं डांगी जातीचं रक्त असलेली. मी तिच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, चपाती भरवली. मावशीने मुलीचं कपाळ गाईच्या कपाळाला टेकवलं आणि फाटकाशी जमलेल्या चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता ही हिची दूदआय. जवर ही दूद देल तवर हिचा दूद तुजे पोरीचा. दुसऱ्या घरान थेंब नाय."

मुलीने ते दूध ठेवलं. पंधरा दिवसांत काटा हलला. मी निळी वही केली.

दूध तपासून घेण्याची सवय मला वडिलांकडून लागली होती. सातारा भागात आमच्याकडे खिलार गाय होती. वडील म्हणायचे, खिलार दूध देत नाही, बैल देते. वासराचं पोट भरून उरलं तर घराला. पण जे उरायचं त्याच्या तुपाला सोन्यासारखा रंग असायचा. पावसाळ्यात तर जास्तच. हिरवा चारा पोटात गेला की गाईचं तूप पिवळं होतं, म्हशीने कितीही हिरवं खाल्लं तरी तिचं तूप पांढरंच. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पुढे जे झालं त्यासाठी हे वाक्य लक्षात ठेवायला हवं, कारण मी ते ठेवलं नाही.

एका रविवारी मी नमुने मागवले. मुलीला काय चालतंय हे कळलं होतं, पण का चालतंय हे मला जाणून घ्यायचं होतं. पावशेर म्हशीचं तबेल्यातून. पावशेर जर्सीचं, कामावरच्या एका बाईच्या दिरांकडून. पावशेर काळ्यापांढऱ्या होलस्टिनचं, आमच्या स्टोअर्समधल्या हमालाच्या गावाहून. तो तिला गाय म्हणायचाच नाही, "नळ आहे तो बाई, चावी सोडली की बादली," असं म्हणायचा. आणि मावशीच्या तांबडीचं. चारही एकाच मापाच्या पातेल्यांत, एकेक करून एकाच शेगडीवर, उकळी आल्यावर तेवढाच वेळ.

"दुधाची परीक्षा घेतेस की सुनांची?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"सुनांची घेऊन झाली तुमची," मी म्हटलं. त्या हसल्या. त्या वेळी आमच्यात असं बोलणं चालायचं.

म्हशीच्या दुधाची साय चपातीसारखी उचलून आली, पांढरीशुभ्र. जर्सीची जाड, पिवळी, तोंडात लोण्यासारखी, पण दूध प्यायला जड. तांबडीची साय मध्यम, फिकट पिवळी, आणि दुधाला चवच वेगळी. साखर न घालता गोडसर, मागून किंचित रानाचा वास. होलस्टिनच्या दुधाबद्दल मी लिहिलं, 'पांढरट. साय पातळ, बोटाला चिकटत नाही. दही लागतं पण पाणी सुटतं. वास नाही.' सासूबाईंनी चारही वाट्यांतलं बोटाने चाखलं आणि तांबडीची वाटी पुसून खाल्ली. "ही आपली," म्हणाल्या.

तेव्हापासून रोज कामावरून आल्यावर हात धुतले की मी झाकणी उचलून साय बघायचे आणि वहीत एक ओळ लिहायचे. दर पंधरा दिवसांनी लोणी कढवलं की तुपाचा रंग. दूध घ्यायला दारात मी नसायचे. कंपनीची बस लवकर यायची. मावशी यायची त्यानंतर. पातेलं पुढे करायच्या त्या सासूबाईच.

उन्हाळा गेला, पावसाळा लागला. श्रावणाच्या सुमाराला वहीतल्या ओळी बदलल्या. 'साय कमी.' मग 'रंग फिका.' मग 'तूप जवळजवळ पांढरं.' आणि समोर शेऱ्यात माझ्याच अक्षरात, 'पावसाळा. ओला चारा.' एक दिवस नाही, सहा-सात वेळा तेच. ओल्या चाऱ्याने तूप पिवळं होतं, पांढरं नव्हे, हे मी लहानपणापासून जाणत होते. कारखान्यात असा माल मी दारातूनच परत पाठवला असता. पण हा माल नव्हता. हे कपाळाला कपाळ टेकवून दिलेलं दूध होतं. त्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही.

त्याच दिवसांत मुलीला ताप आला आणि तीन दिवस जुलाब झाले. सासूबाई आणि मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "दूध बदललंत का?"

"नाही," मी म्हटलं. "एकाच गाईचं. पहिल्या दिवसापासून तेच." वही पिशवीत होती, तीसुद्धा काढून दाखवली.

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मुलीचं टोपडं नीट करत होत्या. डॉक्टरांनी औषध दिलं, चौथ्या दिवशी मुलगी हसायला लागली आणि आम्ही ते विसरलो. म्हणजे मी विसरले.

दिवाळी आली. वसुबारसेला आमच्याकडे गाय-वासराची पूजा असते. बायका त्या दिवशी दूध-तूप खात नाहीत, ते वासराचं. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. एरवी मी पाटावर रांगोळीची गाय काढायचे. पण त्या वर्षी रांगोळीची कशाला? घरात दूधआईचं पोर होतं.

"संध्याकाळी शिरवण्याला जाऊन येते," मी सकाळीच सांगितलं. "हिलाही नेते."

"कशाला गो?" सासूबाई म्हणाल्या. "पाटावरची पुरते. गोठ्यात डास असतात."

"पांघरूण घालते."

"वाटेत चिखल असेल."

"पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले, आई."

त्यांनी बाजरीचं पीठ चाळायला घेतलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग मी नाही येत." मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मी ताट भरलं. हळद, कुंकू, निरांजन, भाकरी, गवारीची भाजी, वासरासाठी वेगळा गुळाचा खडा. मुलीला कडेवर घेतलं आणि गेले. दहा-बारा मिनिटांची वाट. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गवताला मध्येच तारेचं कुंपण पडलेलं दिसलं. कधी पडलं ते मला कळलं नव्हतं. बस दुसऱ्या बाजूने जायची आणि मागच्या गॅलरीत उभं राहायला मला वेळ नसायचा.

मावशीचा गोठा घराला लागूनच होता. वर पत्रा, खाली शेणाने सारवलेलं. खुंट्याला एक गाय बांधलेली होती. काळीपांढरी. उंच, हाडं वर आलेली, पाठ सपाट. वशिंड नाही. कास एवढी मोठी की मागचे पाय फाकवून उभी होती. वासरू नव्हतं.

मला वाटलं, घर चुकलं.

मावशी बाहेर आली. ताट बघितलं, मुलगी बघितली. पळवाट काढणारी बाई नव्हती ती. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तांबडी कुठाय, मावशी?"

"नाय. दिली."

"कुणाला? कधी?"

"पनवेलकडं, माज्या भावाला. वासरू पन. नारली पुनवेच्या आदी." तिने हाताने कुंपण दाखवलं. "चराला जागा ठेवली काय तुमचे लोकांनी? तिला बांधून घालाया माजेकडं काय हाय? ही बांधून खाते. पोत्यातला खाते. दूद देते."

"मग इतके दिवस माझ्या मुलीला..."

"हिचाच." मग माझा चेहरा बघून आवाज चढवला. "इख दिला का मी? पानी घातला? एकाच गाईचा सांगितला होतास ना? एकाच गाईचा हाय. पोरगी बग, कशी गुटगुटीत झाली."

मुलगी खरंच गुटगुटीत होती. ती त्या काळ्यापांढऱ्या गाईकडे हात करून हसत होती.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगितला की. पयल्याच दिवशी सांगितला. तुजे सासूला."

मला आठवतं ते एवढंच की निरांजन विझलं होतं आणि मी ते पुन्हा लावायला काडी शोधत होते. पूजा कुणाची करणार होते, कुणास ठाऊक.

"ती बोल्ली, हेच आनत जा. पोर पिते तर पिऊ दे. सुनेला नको सांगू, ती वहीन लिवल आन बंद करल." मावशी माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "बाय, वहीन लिवून गाय दूद देते काय?"

मी भाकरी त्या गाईपुढे ठेवली. भुकेल्या जनावरासमोरून अन्न परत नेत नाहीत. गुळाचा खडा वासराचा होता, तो परत आणला.

घरी सासूबाईंनी पाटावर रांगोळीची गाय काढून ठेवली होती. शेजारी वासरू. मी ताट खाली ठेवलं आणि विचारलं. त्यांनीही नाकारलं नाही. त्या दिवशी कुणीच काही नाकारत नव्हतं.

"तू आठ तास बाहेर असतेस," त्या म्हणाल्या. "पोर माझ्या मांडीवर असतं. पीत होतं, झोपत होतं. तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी दूध परत पाठवलं असतंस, माल परत पाठवतेस तसं. मग काय पाजलं असतं मी? पावडर? पुन्हा ते ओकणं बघायचं होतं मला?"

"दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही शेजारी होतात."

त्यांनी रांगोळीचा डबा बंद केला.

यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला वाटलं आईने तुला सांगितलं असेल." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मावशीला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, यांना माहीत होतं. माझ्या मुलीच्या पोटात काय जातंय हे घरात फक्त मला माहीत नव्हतं आणि तेच मी रोज लिहून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी वही काढली. रविवारच्या नमुन्यांचं पान उघडलं आणि श्रावणानंतरची पानं उघडली. एका पानावर 'पांढरट. साय पातळ, बोटाला चिकटत नाही. दही लागतं पण पाणी सुटतं. वास नाही.' दुसऱ्या पानावरही तेच. शब्दाला शब्द. एकाच पेनाने, एकाच हाताने. गाय मी आधीच ओळखली होती, फक्त तिचं नाव लिहिलं नव्हतं.

दूध मी बंद केलं नाही. बंद केलं असतं तर सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं असतं, हे एक. आणि मुलीला ते मानवलं होतं, हे दुसरं. डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता दहा महिन्यांची होत आली, सगळं खायला लागेल. काळजी करू नका." एवढं सोपं होतं ते. मलाही कुणी सांगितलं असतं तर मीही हेच विचारून आले असते.

फक्त मी कामाची पाळी बदलून घेतली आणि सकाळचं पातेलं माझ्या हातात घेतलं. मावशीला चहा विचारणं सोडलं. ती "बाय" म्हणायची, मी "एक लिटर" म्हणायचे. सासूबाई आतल्या खोलीतून ऐकायच्या.

वसंतात ती काळीपांढरी आटली. या वेळी मावशीने माझ्या तोंडावर सांगितलं. "बाय, गाभन हाय. दोन महिने दूद नाय. तुला सांगते, तुलाच सांगते." शेवटचे शब्द तिने मुद्दाम दोनदा म्हटले आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या क्षणी मी काही बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं आणि आत जाऊन वहीत लिहिलं.

दोन महिन्यांनी ती चीक घेऊन आली. तोच पितळी तांब्या, वर केळीच्या पानाचा तुकडा बांधलेला. मुलगी आता चालत होती. तिने मावशीचा पदर धरला. सासूबाईंनी गूळ-वेलची घालून खरवस केला. मुलीने दोन वड्या खाल्ल्या. मी खाल्ला नाही. होलस्टिनच्या चिकाचा खरवस तितका घट्ट होत नाही, वड्या पडतात पण कडा ढासळतात. हे मी लिहिलं नाही, नुसतं बघितलं.

मग मी तांब्या घेतला, चिंच लावून घासला, आतून बाहेरून धुतला, फडक्याने कोरडा केला. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी तांदळाचा डबा उघडून माझ्या बाजूला सरकवला. मी तो बंद केला.

सकाळी मावशी आली. मी तांब्या तिच्या हातात दिला. तिने सवयीने आत हात घातला. मग तो उजेडात धरून आत बघितलं. तांब्या आरशासारखा चकचकीत होता.

"धुतलास?"

"हो."

"जानून धुतलास?"

तिने तांब्या खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण वसुबारसेला तिच्या गोठ्याच्या दारात माझ्या चेहऱ्यावर तेच असणार.

"मी तुजे पोरीशी खोटा बोल्ले," ती म्हणाली. "माजे गाईनं तुजा काय केला होता?"

टोपलीत तांब्या ठेवून ती जिना उतरली.

मला फसवलं होतं. मी ते कमी करून सांगणार नाही. ज्या तिघांवर मी मुलीला सोपवून रोज घराबाहेर पडत होते, त्यांनी मिळून मला तीन महिने बाहेरच ठेवलं. त्यातल्या दोघांबरोबर पुढे मी अनेक वर्षं एका घरात राहिले, सण केले, दुखणी काढली. आणि तरी कुणी काही सांगितलं की आधी मनात यायचं, हे मला किती उशिरा सांगतायत? तो तांब्या मात्र त्या दोघांना नव्हता देता येत. म्हणून तो मावशीला गेला.

दुसऱ्या दिवशी मी पातेलं घेऊन दारात उभी राहिले. बसची वेळ होईपर्यंत उभी होते. फाटकाशी भाजीची टोपलीही नव्हती. सासूबाई मागून आल्या, माझ्या हातातलं रिकामं पातेलं घेतलं आणि ओट्यावर ठेवलं.

"आण तुझी वही," त्या म्हणाल्या. "आज दूध का आलं नाही, ते नीट लिही."